कुंकवाचे ठिपके आणि बॉनेटची भोकं

मंडळी, गाडीच्या बॉनेटला पिना बसवणार असाल, तर आधी माझं आजचं ऐका.

दादाच्या जीपला नवं फायबरचं बॉनेट आणलंय. जुना लॉक त्याला बसत नाही आणि तसाच दादा निघाला तर बॉनेट त्याच्याआधी नंदिगड्डा गावाला पोचेल. म्हणून जीपच्या पुढच्या पट्टीवर दोन पिना उभ्या करायच्या, बॉनेटला भोकं पाडायची आणि वरून क्लिपा अडकवायच्या.

जागा कळावी म्हणून पिनांच्या टोकांना रंग लावून बॉनेट टेकवतात. रंग नव्हता, मी ओलं कुंकू लावलं. आतल्या बाजूला दोन ठिपके उमटले. बॉनेट अंगणात उताणं ठेवून मी शेजारी ड्रिल आणायला गेलो.

तेवढ्यात वहिनींनी नव्या वस्तूची पूजा केली. परत येऊन मी समोरच्या ठसठशीत ठिपक्यांवर ड्रिल चालवलं. माझे पुसट ठिपके वीतभर पलीकडे होते, ते नंतर दिसले.

दादा हसला, "पंडित, पूजेच्या कुंकवालाच भोक पाडलंस की रे!"

मी मात्र वहिनींवर ओरडलो, "कुणी सांगितलं होतं कुंकू लावायला?" कुंकवाने खूण करायची अक्कल माझीच होती.

दुपारी चुकीची भोकं बुजवली, नवी पाडली, पिना झकास बसल्या. दादा जीप घेऊन निघताना वहिनी करंडा घेऊन उंबऱ्यातच थांबल्या.

"आता लावू, का न्हाई, भावजी?"

एवढं संस्कृत शिकलो, पण "लावा की" एवढं मराठी तोंडातून फुटलं नाही. जीप तशीच गेली.

संध्याकाळी ती परत येईल. तोवर वहिनींना काय म्हणू, सांगाल?