जुळलेली बेरीज

जर्मनीत बॉनमधली आमची कंपनी छोटी, वीसेक माणसांची. औषधांच्या चाचण्यांचे आकडे आम्ही मोजून द्यायचो. तिथली एक पद्धत मला फार आवडायची. प्रत्येक तक्ता दोघांनी वेगवेगळा करायचा, एकमेकांचा कोड बघायचा नाही आणि शेवटी दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. जुळली तर तक्ता बरोबर.

२०१५च्या आसपास माझ्या जोडीला एक मुलगी आली. कोल्हापूरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आधी मला आनंदच झाला, डब्यातली चटणी वाटून खायला कुणीतरी मिळालं. तो आनंद तीन आठवडे टिकला. मी चाळीस ओळींत करायचो ते ती चार ओळींत उरकायची. बॉसबाई तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करायच्या. माझ्या खुर्चीमागे त्या दोन वर्षांत एकदाच आल्या होत्या, खिडकी लावायला. त्यात माझा करार डिसेंबरात संपत होता आणि उनबेफ्रिस्टेट, म्हणजे कायमची, जागा एकच होती. माझ्या पोटात दुखायचं. ती शिंकली तरी मला वाटायचं, ही माझ्यापेक्षा कमी ओळींत शिंकते.

मग पाठदुखीच्या औषधाचा तक्ता आला. ज्यांनी औषध पूर्ण घेतलं तेवढेच रुग्ण निवडून घ्यायचे आणि त्यांच्या वीस उत्तरांपैकी ठरावीक पाचांचे गुण जोडायचे. मी पाच रकाने अधिकची चिन्हं टाकून एकेक जोडले, शाळेत शिकवल्यासारखे. ताडून पाहिलं तर सात रुग्णांचं जुळेना. माझ्याकडे त्यांच्या बेरजेची जागा रिकामी होती, तिच्याकडे आकडा होता.

अशा वेळी दोघांनी शेजारी बसून अभ्यासाचे नियम वाचायचे असतात. मला ते नको होतं. तिने समजावून सांगायचं, मी मान डोलवायची आणि बॉसबाईंनी लांबून बघायचं! ती जेवायला गेल्यावर मी तिची फाईल उघडली. बेरजेचं तयार फंक्शन, एक ओळ, संपलं. चूक तिची असेल असं माझ्या मनातही आलं नाही, इतका मी तिच्यावर जळत होतो. मी माझी ओळ पुसली आणि तिची लिहिली. सगळं जुळलं.

आठवड्याने चूक तिनेच शोधली. ते फंक्शन कोरी उत्तरं सोडून देतं आणि उरलेली जोडतं. त्यामुळे दोन प्रश्न सोडून दिलेल्या माणसाची पाठ आपोआप कमी दुखायला लागली होती. नियम होता, एक जरी उत्तर कोरं असेल तर बेरीजच करायची नाही. माझी अधिकची चिन्हं नेमकं तेच करत होती.

ती तडक बॉसबाईंकडे निघाली, मलाही बोलावणं आलं. जिन्यात ती म्हणाली, "दादा, तुमचंही तेच आलं ना, म्हणून मी निर्धास्त राहिले. तुमचं कधी चुकत नाही."

बॉसबाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "बरं, तिची चूक कळली. तुझी बेरीज कशी जुळली?"

माझी बरोबर ओळ, मी ती पुसली त्याच्या आदल्या दिवसाच्या बॅकअपमध्ये होती. ती दाखवली असती तर बरोबर उत्तर काढणारा त्या खोलीत मी एकटाच ठरलो असतो, आणि चोरून बघणाराही.

"मीही तेच फंक्शन वापरलं," मी म्हणालो.

स्वतःची चूक स्वतः सांगितली म्हणून जागा तिला मिळाली. तिने सगळ्यांसाठी केक आणला, मी दोन तुकडे खाल्ले.

डिसेंबरात मी टेबल आवरत होतो तेव्हा ती खोके घेऊन मदतीला आली. म्हणाली, "दादा, आता माझं कोण तपासणार?"