रायवळाच्या खोडावरचं पाखरू

जे सगळ्यांना दिसतं ते सोडून जे कुणालाच दिसत नाही तेच बघत बसण्याची एवढी जबर हौस असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या वहिनींचे थोरले बंधू. घरातल्या पोरांचे मामा, म्हणून माझेही मामाच. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे बहिणीकडे येऊन झाडासमोर बसू लागले. आमच्या अंगणाच्या कडेला जुना रायवळ आंबा आणि त्याला लागून रान. रानातले पतंग, म्हणजे दिव्यावर झडप घालतात ती पाखरं, रात्रभर भटकून पहाटे त्या खोडावर येऊन बसत. पंख सालीसारखे करडे, वर शेवाळ्यासारखे हिरवट डाग. कोतवाल पक्ष्याच्या चोचीसमोर असले तरी त्याला पत्ता लागत नसे. संध्याकाळपर्यंत ते हलत नसत. मामाही हलत नसत.

आल्यागेल्याला ते दंडाला धरून खोडापाशी नेत. "दिसलं?" समोरच्याला चहाची घाई असे. तो म्हणे, "दिसलं की!" "मग सांग, डोकं वर की खाली?" इथे भले भले गडगडत. जयगडच्या एका होडीवाल्याने तर छातीठोकपणे बोट टेकवलं. मामा म्हणाले, "ते साल आहे. पण नजर चांगली आहे हो तुझी." मी स्वतः सहा वर्षं "दिसलं, दिसलं" म्हणत होतो आणि एकदाही दिसलं नव्हतं. डोक्याचं मात्र "खाली" म्हणून ठोकून द्यायचो, ते पुष्कळदा बरोबर निघे.

दोन हजार सालच्या आसपास पुतणीचं लग्न अंगणातच करायचं ठरलं. मांडवाची व्यवस्था माझ्याकडे. अंगण कसं झकास दिसावं, म्हणून आदल्या दिवशी मी झाडून सगळ्या खोडांना चुना आणि वर गेरूचा पट्टा मारून घेतला. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली आणि मामा गायब! आमच्याकडे नवरीला मामाने हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. मामा नाही तर नवरी जागची हलायची नाही. शेवटी मला ते सापडले आंब्याखाली. डोक्याला फेटा, हातात उघडी छत्री, ती खोडाला भिडवलेली. छत्रीआड, पांढऱ्याफेक चुन्यावर, धुतल्या धोतरावर शाई सांडावी तसा पतंग! वरच्या फांदीवर कोतवाल शेपूट हलवत बसलेला.

"मामा, मुहूर्त टळेल. उडवून द्या त्याला!"

"दिवसाउजेडी उडालं की तो काळा हवेतच टिपतो. चुना कोणी मारला रे?"

मी फांदीकडे बघू लागलो. तेवढ्यात वहिनी धावत आल्या. "दादा, पोरीच्या लग्नापेक्षा किडा मोठा झाला होय तुला?"

"मोठा नाही गो. पण तिच्या पाठीशी सगळा मांडव आहे. याला कोण आहे?"

आणि मुंडावळ्या सावरत नवरीच बाहेर आली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. तिने झाड पाहिलं, मामांना पाहिलं आणि मग मला. "चुना काकांनी मारलाय ना? मग छत्री काका धरतील. चला मामा."

मामांनी छत्री दिली, पण सूचनांसकट. "सावली पडू दे. वारा लागू देऊ नकोस. आणि टक लावून बघू नकोस, लाजतं."

अशा रीतीने पुतणीच्या लग्नाला मी पाठमोरा हजर होतो. गुरुजी "सावधान" म्हणाले की मी कोतवालाकडे बघायचो. अक्षता तिथूनच मागच्या मागे फेकल्या, त्यांतल्या दोन पुढेच उडून कुंकवाच्या ओलीने चुन्याला चिकटल्या. पतंग हलला नाही.

जेवून मामा परत आले आणि छत्री पुन्हा त्यांच्याकडे गेली. पाठवणीला सगळं घर फाटकाशी जमून रडत होतं, हे मात्र तिथेच. पुतणीच त्यांच्यापाशी जाऊन वाकली. "येते हं मामा."

छत्रीआडून आवाज आला, "ये. हळू जा हो, पाय वाजवू नकोस."

गाडी वळणापलीकडे गेली. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन मागे गेलो, तेव्हा ऊन केव्हाच उतरलं होतं. कोतवालही नव्हता. खोडावर नुसता चुना होता, पतंग रानात निघून गेला होता. मामा मात्र छत्री तशीच खोडाला भिडवून, तोंड आत घालून उभे होते. मी कप खाली ठेवला आणि पाय न वाजवता परत फिरलो.