शिंगाडेवालीचा भाव

तुमसरच्या बाजारात एका शिंगाडेवालीशी मी भावावरून तावातावाने भांडत होतो. ती शांतपणे शिंगाडे सोलत होती. तेवढ्यात फोन आला. माझे बँक खाते बंद होणार असल्याचा ईमेल सकाळीच आला होता, हा फोनही त्याच बँकेचा म्हणे. पलीकडच्या माणसाने मागितलेला ओटीपी मी वाचू लागताच तिने ओल्या हाताने माझा मोबाइल झाकला.

"भाऊ, दोन रुपयांसाठी मले अर्धा घंटा रडवलं, अन् त्याले नंबर फुकटात देऊन राहिले?"

मी चरकलो. हमालीच्या दिवसांपासून जमवलेली सारी कमाई त्या खात्यात होती! फोन झटकन बंद केला.

"वाचवलं बाई तू! आता तरी भाव कमी कर."

"कायले?"

तिने एक रुपयाही सोडला नाही. तो राग अजून आहे. पण फोनवर कुणी नंबर मागितला, की मी तिच्याच आवाजात विचारतो, "कायले?"