पुतळा हलत नाही

चित्रकलेची शाळा बंद पडली तेव्हा सगळ्यात जास्त रडले ते वीस वर्षांत तिकडं न फिरकलेले लोक. इमारत विकली गेली आणि आठवड्याच्या आत माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप तयार झाला. त्यावर सकाळी फुलं, दुपारी जुने फोटो आणि संध्याकाळी ‘आपलं नातं रंगांचं आहे’ छापाचे उमाळे. तेवढ्यानं भागेना, म्हणून दर रविवारी एकाच्या गोदामात जमून चित्रं काढायचं ठरलं. समोर बसायला कोणीतरी हवं, तेव्हा कुठं त्यांना पुतळ्याची आठवण झाली.

पुतळा म्हणजे शाळेचा मॉडेल. एकतीस वर्षं तो स्टुलावर बसत आला होता. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही, आणि याचा त्याला भलताच तोरा होता. “घरात पाच मिनिटं एका जागी बूड टेकत नाही, आणि तिथं तासभर बसता,” बायको म्हणायची. बसलेल्या मॉडेलनं बोलायचं नाही आणि त्याच्याशीही कोणी बोलायचं नाही, हा शाळेचा दंडक. शाळा गेली, दंडक तेवढा शिल्लक राहिला. ग्रुपचं बोलावणं आलं तेव्हा त्यानं स्वतः शर्टाला इस्त्री केली. आपली कोणाला तरी गरज आहे, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

एका रविवारी बसल्या बसल्या त्याचा डावा हात बधिर झाला. नेहमीसारख्या मुंग्या असतील, म्हणून त्यानं सोडून दिलं. मग हनुवटीवर ओल जाणवली. पुसावं म्हटलं तर हात उचलेना, जीभ जड झालेली. तो पार घाबरला. पण वेळ भरायच्या आत हलायचं म्हणजे एकतीस वर्षांच्या अब्रूवर पाणी. तो बसून राहिला.

समोर धडा रंगात आला होता.

“ओठाचा कोपरा खाली घे,” शाळेचे म्हातारे सर एका बँकवाल्या माजी विद्यार्थ्याला म्हणाले.

“घेतलाय, सर.”

“अजून घे. पापणीही उतरली आहे.”

“पण सर, मघाशी तोंड सरळ होतं.”

“मघाचं विसर. जे दिसतं तेच काढायचं.”

तेवढ्यात नवऱ्याला न्यायला बायको आली आणि दारातच थबकली.

“यांचं तोंड वाकडं झालंय,” ती म्हणाली.

“हो ना, तेच चाललंय आमचं,” सर समाधानानं म्हणाले.

तिनं मग कोणाची भीडभाड ठेवली नाही. तिच्या तोंडच्या शिव्या ऐकूनच गाडी बाहेर निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे नेमकं किती वाजता सुरू झालं? वेळ कळल्याशिवाय मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नव्हतं. शेवटी बँकवाल्यानं मान खाली घालून आपले कागद पुढं केले. प्रत्येक चित्राखाली वेळ टाकायची, ही शाळेची सवय. दहा वीसला तोंड सरळ होतं, दहा पन्नासला उतरलेलं. डॉक्टर ते कागद घेऊन आत गेले.

पुतळा वाचला. बोलणं परत आलं, ओठ जरा तिरका राहिला. ग्रुपवर ‘कलेनं जीव वाचवला’ असा मजकूर फिरला, त्याखाली दोनशे जोडलेले हात. अर्धा तास सगळे डोळे फाडून बघत होते, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. चेहऱ्यात आता बघण्यासारखं काहीतरी आलंय, असं सरांनी कळवलं होतं. बायको नको म्हणत असताना तो गेला. त्याची एकच अट होती: दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, बरं आहे का. लगेच फोनवर गजर लावला गेला.

गजर वाजला. “बरं आहे ना?” सगळ्यांनी एका सुरात विचारलं.

“आहे.”

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा तो मुद्दाम गप्प राहिला. प्रश्न विचारून झाला होता, पेन्सिली चालूच होत्या. त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग तो स्टुलावरून उतरला आणि चपला घालू लागला.

“अहो, अजून आठ मिनिटं आहेत,” सर म्हणाले.

“मग तुम्ही बसा,” तो म्हणाला आणि बाहेर पडला.