ऑपरेशनच्या आधीचा फोटो

माझ्या धाकट्या भावाचा जुन्या हुबळीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो, आणि कुणी गेलं की घरच्यांनी आणलेल्या जुन्या फोटोतून भिंतीवर लावायला मोठा फोटो करून देणं. डोंगर, झाड, आभाळ असलं काही त्यानं हौसेनं टिपलेलं मला आठवत नाही. म्हणून एका डिसेंबरात सप्तापूरला माझ्या घरी येऊन तो म्हणाला, "अक्का, अळणावरकडं एक रात्र राहू या, सूर्योदयाचे फोटो काढायचेत," तेव्हा मला नवल वाटलं. पण मी लगेच हो म्हटलं. वर्षानुवर्षं गालात धरलेल्या गुटख्यानं त्याला तोंडाचा कॅन्सर झाला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा डावा जबडा काढणार होते.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचं अळणावरच्या पुढं, रानाच्या कडेला छोटं घर आहे. शेजारी तळं. त्यांच्याकडून किल्ली घेतली आणि गाडी करून आम्ही दोघंच गेलो. भावजयीला यायचं होतं, पण मुलीजवळ थांब म्हणून त्यानं येऊ दिलं नाही.

संध्याकाळी मी भाकरी दुधात अगदी बारीक कुस्करून त्याला दिली. तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडत होतं. निम्मं दूध हनुवटीवरून ओघळलं. तो रुमालानं पुसत राहिला, मी दुसरीकडं बघत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, मांडीचं मांस लावून गाल परत करतात."

"माहिती आहे," तो म्हणाला. त्याचे शब्द दातातच अडकत होते. "तसं ऑपरेशन झालेला एकजण पासपोर्टच्या फोटोला आला होता माझ्याकडं. मी त्याला म्हटलं, जरा डावीकडं वळा. तो म्हणाला, वळून काय होणार, समोरूनच पाहिजे ना?"

त्यानंतर तो जेवला नाही. "साकु, पुरे," म्हणाला आणि ताट सरकवलं.

उजाडायच्या आधी आम्ही तळ्यावर गेलो. थंडी होती, पाण्यावर धुकं होतं. त्यानं स्टँड लावला आणि कॅमेरा उगवतीकडं न करता घराच्या बाजूला वळवला.

"सूर्य तिकडं उगवणार की," मी म्हणाले.

"मला सूर्य नको, ऊन पाहिजे." त्यानं मला एका दगडावर बसवलं, कॅमेऱ्यातून बघून काहीतरी जुळवलं, मग मला उठवून कॅमेऱ्यामागं उभं केलं आणि स्वतः त्या दगडावर जाऊन बसला. "मी मान हलवली की बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावू नको."

तेव्हा मला कळलं.

"मी असला भिंतीवर लावायचा फोटो काढणार नाही. स्टुडिओत पोरं आहेत ना तुझी?"

"स्टुडिओतल्या लाईटला सूज दिसते. आणि पोरांसमोर नको." तो थांबला, थुंकी गिळली. "सकाळचं ऊन तिरकं असतं, अक्का. उजव्या गालावर पडलं की डावा सावलीत जातो. मग कोण काढणार? बायकोला सांगू?"

मला त्याचा भयंकर राग आला. माझ्याहून लहान, आणि हे काम माझ्या हातून करून घेत होता. पण तेवढ्यात ऊन आलं. त्यानं मान हलवली. मी बटण दाबलं, तो मान हलवेल तसतसं दाबत राहिले.

मग त्यानं येऊन स्क्रीनवर फोटो बघितले. एक मोठा केला, डोळ्यांपाशी थांबला. मी विचारलं, "बरा आलाय?"

"तुझा हात हलला नाही," एवढंच म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. तळ्याचा एकही फोटो त्यानं काढला नाही. परतताना गाडीत त्यानं डोळे मिटून घेतले होते, झोप लागली नव्हती.

ऑपरेशन झालं. त्यानंतर तो नळीवर होता; बोलणं जवळजवळ गेलंच. पाटीवर लिहून दाखवायचा, तेही फक्त लागेल तेवढंच. काही महिन्यांनी गाठ मानेत उठली. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

तेराव्यासाठी फोटो हवा होता, तेव्हा मी भावजयीला तळ्यावरचं सगळं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर आम्ही ते फोटो शोधले. सूज खरंच दिसत नव्हती. ती बराच वेळ बघत बसली.

"अक्का, ह्यात ते घाबरलेत," ती म्हणाली. "मुलीनं हा रोज बघायचा?"

ती म्हणत होती ते खरं होतं. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोत तो कोपऱ्यात कॅमेरा धरून उभा होता, तेवढाच भाग कापून तिनं मोठा करून घेतला. चेहरा जरा पुसट आला. तोच भिंतीवर आहे.

"तळ्यावरचा तुम्हाला ठेवायचा का?" स्टुडिओतून निघताना तिनं विचारलं होतं. मी नको म्हणाले. स्टुडिओ बंद झाला, कॉम्प्युटर विकला गेला. त्या फोटोंचं काय झालं, ते मी विचारलं नाही.