ब्रेकच्या डोळ्यातलं पाणी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात आम्ही चार-पाच गाडीवेडे दर रविवारी सकाळी जमायचो. तिथला रिवाज असा, की जगात नसलेल्या पार्टचं नाव गंभीर तोंडानं सांगायचं, आणि जो खरं मानेल त्यानं सगळ्यांना मिसळ चारायची.

"हॉर्नचं ऑइल बदललंस का रं?"

"बदललं की! आता आरशाचा क्लच तेवढा घसरतोय मर्दा."

यात माझा एक शाळेपासूनचा मित्र सगळ्यांच्या वरचढ. तो बोलला की मिस्त्रीसुद्धा पाना खाली ठेवून हसायचे. माझ्या विनोदावर कुणी मान हलवली तरी खूप. तेही मी सोसलं असतं, पण लिलावातली जी जीप घेण्यासाठी मी वडिलांच्या विनवण्या करत होतो, तीच एका रविवारी हा चालवत घेऊन आला. सगळे तिच्याभोवती. माझ्या स्कूटरला कुणीतरी आपली पिशवी अडकवून ठेवली होती.

पुढच्या रविवारी तो गॅरेजातूनच शाहूवाडीला बहिणीकडे निघाला होता. टायर बघायला मी वाकलो, तर मागचं चाक आतून ओलं. ब्रेक ऑइल गळत होतं, हे मला कळलं. सांगणं भाग होतं. मी सांगितलंही, पण तोंड तसंच गंभीर करून:

"ब्रेकच्या डोळ्यास्नी पानी आलंया. उतारावर रडंल बघ."

गॅरेज हसून लोळलं. माझ्या बोलण्यावर असं हसू पहिल्यांदाच.

"मिसळीचा डाव व्हय? न्हाय फसणार लेका!" म्हणत त्यानं जीप काढली.

'थांब, खरं हाय,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते हसू मला सोडवेना. आणि ती जीप त्याच्याकडे राहावी असंही वाटत नव्हतं.

उतारावर ब्रेक लागलाच नाही. त्यानं जीप डोंगराच्या अंगाला घातली म्हणून जीव वाचला. गुडघा मात्र कायमचा गेला. क्लच दाबता येईना, म्हणून जीपही विकली.

"ह्यानं सांगितलेलं की! मीच खुळा, हसण्यावारी नेलं," असं तो आजही लग्नाकार्यात माझ्या खांद्यावर हात टाकून सांगतो. मी खाली बघतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

चाक ओलं दिसलं होतं आणि त्यानं विश्वास ठेवू नये म्हणूनच मी तसं बोललो, हे त्याच्यासमोर बसून सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.