दर्शनाने अडवून धरलेली घंटा

कळव्याच्या चाळीत वाढलेल्या दर्शनाने विद्यापीठात कला-व्यवस्थापन शिकायचे ठरवले, तेव्हा तिच्या वडिलांनी, भगवानरावांनी, हातातला घास ताटात ठेवून विचारले होते, "म्हणजे तू नाचणार की नाचवणार?"

"दोन्ही नाही, बाबा. नाचणाऱ्याला नीट नाचता यावं, एवढं बघणार."

"अगं बाई, त्यालाही पदवी लागते?" आई शालन हसली होती.

पुढे वर्गमैत्रीण क्षिप्रा एका चित्रदालनात लागली. साकेत कंपन्यांसाठी महोत्सव भरवू लागला. दर्शनाने डोंबिवलीतल्या एका खाजगी नाट्यगृहाचे व्यवस्थापन पत्करले. तिकीटविक्रीपासून रंगपटातल्या चहापर्यंत सारे तिच्या अंगावर. घंटेचे बटणही तिच्याच कार्यालयातल्या भिंतीवर होते.

त्या रविवारी दुपारी देवयानीचा एकपात्री प्रयोग होता. जातीबाहेर लग्न केले म्हणून गावकीने मारलेल्या मुलीची गोष्ट ती सांगत असे. दुसरी घंटा झाली आणि द्वारपाल राकेश धापा टाकत आला.

"ताई, पुढच्या रांगांत त्या गावकीवाल्या काळुरामची पोरं बसलीत. गावाची बदनामी करते म्हणतात. जळक्या ऑइलच्या बाटल्या आहेत. पडदा उघडला की तिला स्टेजवरच धरणार. मोबाइल तयार ठेवलेत."

दर्शनाने क्षणभरच विचार केला. त्यांना देवयानी लोकांदेखत हवी होती. पडदा उघडतो तिसऱ्या घंटेनंतरच. तोवर ही माणसे खुर्च्या सोडणार नव्हती.

"राकेश, बाजूची दारं उघडून ठेव." तिने पोलिसांना कळवले, मग देवयानीला फोन केला. "मागच्या दाराने नेपथ्याच्या टेम्पोत बस. सामान राहू दे. शीळफाट्याच्या रस्त्याला लागताच टेम्पोवाल्या उत्तमला लांब हॉर्न द्यायला सांग."

टेम्पो मात्र प्रेक्षकांच्या गाड्यांमागे अडकला होता. आत टाळ्या सुरू झाल्या. खोळंबलेला प्रेक्षक अशाच टाळ्या पिटतो. पाठोपाठ कार्यालयाचे दार लाथेने उघडले. काळुराम होता, आणि त्याच्यासोबत त्याच्या पोरांतला गणू.

"काय मॅडम, घंटा विसरलात?"

"कलाकार तयार नाही."

थप्पड एवढ्या जोराची बसली की तिचे डोके कपाटावर आपटले.

"दादा, बटण हिच्या मागे आहे," गणू म्हणाला. "मी इथे एकांकिका केल्यात."

दर्शनाने खोलगट चौकटीतले बटण दोन्ही तळव्यांनी झाकून धरले. गणूने तिचे केस धरून मान मागे खेचली. हात सुटेनात, तेव्हा काळुरामने कोपऱ्यातली उद्घाटनाची समई उचलली आणि वरच्या हातावर घातली. बोटांत काहीतरी मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दारे उघडून परतलेला राकेश मध्ये पडला. दुसरा घाव त्याच्या कपाळावर बसला आणि तो रक्ताने भरलेल्या डोळ्यांनी खाली कोसळला.

"सोड! तुझ्या बापाची आहे का घंटा?"

"नाही," ती म्हणाली. तोंडातले रक्त हनुवटीवरून ओघळत होते. "पण वाजवायची केव्हा, ते मी ठरवते."

समई पुन्हा उठली. त्याच वेळी मागच्या गल्लीपलीकडे लांब हॉर्न वाजला. दर्शनाने डोळे मिटले आणि स्वतःच बटण दाबले.

दोघे तिला टाकून सभागृहाकडे धावले. पडदा ओढणाऱ्याने सवयीने पडदा उघडला. रंगमंचावर एक रिकामी खुर्ची होती. पोरांनी तीच ऑइलने माखली, लाथांनी मोडली, दिवे फोडले. उघड्या दारांतून प्रेक्षक बाहेर पळत असतानाच पोलिस आत शिरले. तोडफोडीचे सारे चित्रण त्या पोरांच्याच मोबाइलांवर होते.

इस्पितळात भगवानराव प्लास्टरकडे बघत राहिले. दोन बोटे पुन्हा सरळ होणार नव्हती.

"त्या क्षिप्रासारखी नोकरी बघ गं."

"बघते."

भगवानरावांनी तिच्या दुसऱ्या हातातली सलाइनची नळी सरळ केली.

"बाबा, माझा फोन लावून कानाशी धरता? देवयानीला पुढची तारीख विचारायचीय."